पापाचे वाटेकरी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, म्हणजे गावातली पीडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या पुतळ्याची मिरवणूक. इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. काळी येते, पिवळी येते, त्यांच्यामागून बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, येतात आणि ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ या आरोळीनं कानठळ्या बसतात. १८८० च्या दशकापासून हे चालत आलं आहे. बडग्यावर दरवर्षी नवी पाटी असते. महागाई, साथीचा रोग, लाचखोर पुढारी, आणि त्या वर्षी देशात कुठं बाईवरच्या अत्याचाराचं मोठं प्रकरण गाजलं असेल तर त्यातला नराधम. पुतळे जळतात, लोक घरी जाऊन हातपाय धुतात, आणि संध्याकाळी पोरं लाकडी बैल घेऊन तान्ह्या पोळ्याला दारोदार फिरतात.

मला ही मिरवणूक लहानपणापासून आवडते. पण अलीकडं ती पाहताना एक गोष्ट टोचते. बडग्या नेहमी दुसऱ्याचा असतो. दूरच्या गावचा, दुसऱ्या पक्षाचा, ज्याच्याशी आपला रोटीबेटीचा संबंध नाही अशाचा. आपल्याच पंगतीला जेवून गेलेल्या, मोठ्या हुद्द्यावरच्या, चार समित्यांवर असलेल्या माणसाचा बडग्या मी आजवर पाहिलेला नाही. त्याच्याविषयी आपण वेगळ्या सुरात बोलतो: ‘माणूस सोन्यासारखा आहे हो, एखाद्या वेळी जातो तोल.’ काळ्या मारबतीचंच बघा. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातल्या बाकाबाईनं इंग्रजांशी हातमिळवणी केली, तिचा हा पुतळा, असं सांगतात. तैनाती फौजेचा तह मात्र १८१६ साली अप्पासाहेब भोसल्यांनी केला होता. पुढं ते सीताबर्डीवर इंग्रजांशी लढले, हेही खरं. पण वर्षानुवर्षं जळते ती बाई.

एकाला जाळायचं आणि दुसऱ्याला झाकायचं, या दोन सवयींच्या मध्ये एक प्रश्न विचारायचा राहून जातो. ज्याच्याकडं पैसा आहे, जात आहे, हुद्दा आहे आणि या सगळ्याचा ताठा आहे, असा पुरुष आपल्या दुष्कृत्यासमोर उभा राहिल्यावर बदलतो का? माझं उत्तर ‘बदलू शकतो’ असं आहे. पण तो एकट्यानं, आतून, आपोआप बदलतो यावर माझा विश्वास उरलेला नाही, आणि त्याच्या बदलाची वाट पाहत बसायला आपण पीडितांना सांगतो, तो तर मला सरळसरळ अन्याय वाटतो.

मी वकील आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ मध्ये कायदा आला, तेव्हापासून नागपुरातल्या काही कार्यालयांच्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. तिथलं काही बाहेर सांगायला या कायद्याच्या १६ व्या कलमानं मनाई आहे आणि ती योग्यच आहे. म्हणून मी माणसं सांगत नाही, फक्त त्यांची भाषा सांगते.

‘माझ्याकडून चूक झाली.’ ‘हातून घडून गेलं.’ ‘कुणाच्या भावना दुखावल्या गेल्या असतील तर मी दिलगीर आहे.’ करणाऱ्याला वाक्यातून हळूच बाहेर काढून देण्याची आपल्या भाषेत केवढी सोय आहे! माणसं चार-चार पानांचा खुलासा लिहून आणतात आणि त्या चार पानांत ‘मी केलं’ हे दोन शब्द सापडत नाहीत. चूक पावसासारखी पडलेली असते, कुणी पाडलेली नसते. आणि दिलगिरी व माफी हे दोन शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो, तेही चुकीचं आहे. दिलगिरी व्यक्त करता येते. ती एकट्यानं, आरशासमोर उभं राहूनही व्यक्त करता येईल. माफी मागावी लागते. मागणाऱ्याचा हात खाली असतो आणि समोरची व्यक्ती ‘नाही देत’ म्हणू शकते. ताठ मानेच्या माणसाला नेमकं हेच सोसत नाही. मसुद्यातला ‘माफी’ हा शब्द खोडून ‘खेद’ लिहून घेण्यासाठी धडपडणारे लोक मी पाहिले आहेत.

काही जण रडतातही. ते रडणं खोटं असतं असं मी म्हणणार नाही. पण कान देऊन ऐकलं की त्या रडण्यात कोण आहे ते कळतं. ‘मॅडम, दोन वर्षांनी रिटायर होतोय.’ ‘मुलीचं लग्न ठरतंय.’ ‘समाजात तोंड कसं दाखवू?’ समोर बसलेली बाई त्या अश्रूंत नसते. तिनं कितीदा रजा काढली, कोणत्या जिन्यानं जायचं सोडलं, घरी काय कारण सांगितलं, यातलं काहीही तो विचारत नाही. आपल्या कृत्याला सामोरं जाणं म्हणजे बदलणं, ही आपली समजूत इथंच फसते. तो सामोरा जात असतो तो स्वतःच्या नुकसानीला.

व्यवस्थाही त्याला मदत करते. या कायद्याच्या नियमांत दोषी ठरलेल्यावर काय काय कारवाई करता येते याची यादी आहे. इशारा, बढती रोखणं, वेतनवाढ रोखणं, नोकरीतून काढणं, समुपदेशन, समाजसेवा. त्या यादीच्या तोंडाशीच लेखी माफी आहे. म्हणजे माफी ही शिक्षा ठरली, आणि सर्वांत स्वस्त शिक्षा ठरली. २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात भरधाव गाडीनं दोन तरुण जीव घेतले, तेव्हा गाडी चालवल्याचा आरोप असलेल्या मुलाला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली. सारा महाराष्ट्र खवळला तो त्या आकड्यामुळं. मला मात्र वाटत राहिलं, की निबंध ३,००० शब्दांचा असता तर काय फरक पडला असता? आमच्या मध्यवर्ती कारागृहात गांधीविचारांची परीक्षा होते, कैदी बसतात, चांगले गुणही मिळवतात. मी त्याला नावं ठेवणार नाही, वाचलेलं कुठंतरी मुरतं. पण उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला माणूस तपासता येत नाही.

मग कशानं बदलतो? इथं मला आपल्या सगळ्यांच्या घरी सांगितली जाणारी वाल्या कोळ्याची गोष्ट पुन्हा नीट वाचावीशी वाटते. वाटसरू मारायचा आणि रांजणात खडा टाकायचा. सात रांजण भरले. नारदाच्या उपदेशानं तो बदलला, असं आपण म्हणतो, पण गोष्टीत तसं घडत नाही. नारद फक्त एक प्रश्न देऊन त्याला घरी पाठवतो: ज्यांच्यासाठी हे करतोस ते तुझ्या पापात वाटेकरी होतील का? वाल्या घरी जातो, विचारतो, आणि बायकापोरं सांगतात, आम्ही वाटेकरी नाही. त्या नकारानं त्याचे पाय गळतात. राम नाम वगैरे सगळं त्यानंतरचं.

आता हाच प्रश्न एखाद्या सुखवस्तू, वजनदार पुरुषानं घरी जाऊन विचारला तर काय होईल ते मनाशी आणून पाहा. त्याला विचारावंही लागत नाही. आई म्हणते, त्या मुलीचंच वागणं तसं होतं. बायको म्हणते, आमचा संसार मोडायला निघाली आहे. भाऊ वकील शोधतो. संस्थेचे अध्यक्ष म्हणतात, प्रकरण बाहेर जाऊ देऊ नका, नाव संस्थेचं जातं. समाजाची मंडळी म्हणतात, आपल्या माणसाला टार्गेट केलं जातंय. व्यायामशाळेतले, भिशीतले, मॉर्निंग वॉकचे मित्र दुसऱ्याच दिवशी पाठीवर हात ठेवतात. प्रत्येक जण आपापला वाटा उचलतो, आणि सगळ्यांनी उचलल्यावर त्याच्या डोक्यावर ओझं ते काय उरतं? वाल्याच्या रांजणातला प्रत्येक खडा त्याचा एकट्याचा होता. मोठ्या घरच्या माणसाच्या रांजणातले खडे रातोरात वाटून घेतले जातात.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. आमच्या घरात घडलं.

आम्ही पश्चिम नागपुरातल्या एका कॉलनीत राहत होतो. पणजोबा मालगुजार, म्हणजे गावचा सारा गोळा करणारे जमीनदार. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, पण बोलण्यातली राहिली. बाबा मोठे सरकारी अधिकारी. आमच्याकडं स्वयंपाकाला एक मावशी येत, आमच्या आणि कॉलनीतल्याच आणखी चार घरी. १९९८ सालच्या महालक्ष्म्या उठल्या आणि दोन दिवसांनी आजीच्या सोन्याच्या पाटल्या मिळेनात. विदर्भातल्या घरांत महालक्ष्म्यांचं काय असतं ते इथल्या वाचकांना सांगायला नको. सोळा भाज्या, आंबील, पुरण, पन्नास माणसांची ये-जा. बाबांनी त्या पन्नासांपैकी एकालाही विचारलं नाही. त्यांनी ओळखीच्या ठाणेदाराला फोन केला. मावशींना संध्याकाळी पाचला नेलं आणि रात्री अकरानंतर सोडलं. आत काय झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून आमचं घर तर सुटलंच, इतर चार घरांनीही त्यांना दारातून परत पाठवलं.

पुढच्या वर्षी महालक्ष्म्यांची पेटी माळ्यावरून उतरवली. आईनं ज्येष्ठेचा शालू उलगडला आणि पाटल्या टणकन फरशीवर पडल्या. देवीच्या हातातून काढताना शालूच्या निऱ्यांत अडकून त्या तशाच घडीत गेल्या होत्या. त्यांचा तो आवाज मला आजही ऐकू येतो. आई खालीच बसली. बाबा म्हणाले, ‘सापडल्या ना? झालं तर मग.’

आई म्हणाली, मी जाऊन त्यांना सांगून येते. बाबा म्हणाले, काही गरज नाही. दिवाळीला त्यांनी ड्रायव्हरच्या हाती एक साडी आणि दोन हजार रुपये पाठवले. दोन्ही परत आलं. तेव्हा बाबा चिडले. ‘या लोकांना मान देता येत नाही.’ मी तेव्हा कायद्याच्या पहिल्या वर्षाला होते. बेकायदा स्थानबद्धता म्हणजे काय ते मला पाठ होतं. मी काहीच बोलले नाही. मीही वाटेकरीच होते.

२००० साली महालक्ष्म्या आठ दिवसांवर आल्या तेव्हा आईनं जेवणाच्या टेबलावर सांगितलं, की यंदा आपल्याकडं बसणार नाहीत. ‘त्या पाटल्या माझ्यानं देवीच्या हातात घालवत नाहीत. आणि नाही घातल्या तर का नाही घातल्या ते सांगावं लागेल.’ बाबांनी आरडाओरडा केला, मग समजावलं, मग तिच्या भावाला बोलावलं. आई हलली नाही. चार पिढ्यांत पहिल्यांदा आमच्या घरी महालक्ष्म्या बसल्या नाहीत. नातेवाइकांचे फोन आले, सुतक आहे का? आई प्रत्येकाला खरं कारण सांगायची. आत्याला, काकूंना, बाबांच्या वरिष्ठांच्या बायकोला. आवाज न चढवता, सगळं, ठाण्यापर्यंतचं. २००१ मध्येही बसल्या नाहीत.

तिनं घर सोडलं नाही, अबोला धरला नाही, बाबांचा डबा एक दिवस चुकवला नाही. तिनं फक्त त्यांचं खोटं आपल्या अंगावर घ्यायला नकार दिला. मला वाटतं बहिष्कार आणि नकार यांतला फरक इथं दिसतो. माणसाला वाळीत टाकण्याचं काय होतं ते महाराष्ट्रानं इतकं भोगलं आहे की सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये कायदा करावा लागला. बहिष्कारानं माणूस घेरला जातो, आणि घेरलेला माणूस बहुधा चावतो, तेही घरातल्या दुबळ्यालाच. लाजेपायी बायकोपोरांवर हात उचलणारे पुरुष मी कामात पाहिले आहेत. त्यामुळं प्रत्येक घरातल्या बाईनं माझ्या आईसारखं करावं असा सल्ला मी देणार नाही. आईच्या नावावर तिच्या माहेरचं घर होतं आणि बाबा हात उचलणारे नव्हते. नकार द्यायलाही पायाखाली जमीन लागते. ज्यांच्या पायाखाली ती आहे, त्यांच्याविषयी मी बोलते आहे. भाऊ, मित्र, सहकारी, अध्यक्ष, सचिव. त्यांना कशाची भीती आहे?

संतपरंपरेत मला एक ताठ, अधिकारी पुरुष दिसतो, ज्याच्या बदलाची खूण स्पष्ट आहे. वाघोलीचे रामेश्वर भट्ट. तुकोबांना धर्मावर बोलायचा अधिकार नाही असं ठरवून त्यांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावणारे ते हेच. आख्यायिका सांगते की पुढं त्यांच्या अंगाचा असह्य दाह झाला आणि ते तुकोबांना शरण आले. त्यांच्या माणसांनी त्यांना नकार दिल्याचं कुणी सांगत नाही. तो त्यांच्या कातडीनं दिला, असं म्हणावं. मला त्या दाहापेक्षा नंतरचं महत्त्वाचं वाटतं. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांत रामेश्वर भट्टांचं नाव घेतलं जातं. तुकारामांची जी आरती आजही घरोघर म्हणतात ती त्यांची. जो निवाडा करायला वर बसला होता तो टाळ घेऊन मागं उभा राहिला, ज्याच्या वह्या बुडवल्या त्याच्याच मागं, आणि लोकांच्या देखत. मन पालटलं की नाही हे कोण पाहणार? उभं राहायची जागा मात्र सगळ्यांना दिसते.

आपल्याकडचं उदाहरण बाबा आमट्यांचं. हिंगणघाटच्या जमीनदार घराण्यातला मुलगा, वरोऱ्यात वकिली. पावसात पडलेला, महारोगानं झडलेला तुळशीराम दिसला आणि हा तरुण घाबरून पळाला. गुन्हा म्हणावा असं त्यात काही नव्हतं. पण स्वतःच्या नजरेत तो पळ त्यांना सहन झाला नाही, आणि ते परत गेले. दुसऱ्या कुणा रोग्याकडं नाही, त्याच तुळशीरामकडं. महारोगी सेवा समिती १९४९ मध्ये आली, आनंदवन त्यानंतर उभं राहिलं. जिथून पळालो तिथंच परत जाण्याला पर्याय नाही.

म्हणूनच सम्राट अशोकाविषयी माझ्या मनात आदराबरोबर एक खटकाही आहे. कलिंगाच्या युद्धात एक लाख माणसं मारली गेली, दीड लाख हुसकावून नेली गेली, हे आकडे त्यानं स्वतः तेराव्या शिलालेखात कोरून घेतले. जिंकलेल्या राजानं आपल्या विजयाचं दुःख दगडावर लिहावं, जगाच्या इतिहासात असं फारसं आढळत नाही. पण हा लेख कलिंगात नाही. धौली आणि जौगड इथं, म्हणजे ज्यांची माणसं मेली त्यांच्या दाराशी, अकरा ते तेरा हे लेख गाळले आहेत आणि त्यांच्या जागी वेगळे दोन लेख आहेत. ‘सगळी माणसं माझी लेकरं आहेत’ असं त्यांत म्हटलं आहे. पश्चात्ताप साम्राज्यात इतरत्र वाचायला मिळत होता, कलिंगात मिळाली ती माया. नेलेली दीड लाख माणसं परत आणल्याचा उल्लेखही नाही. आणि त्याच तेराव्या लेखात अरण्यातल्या लोकांना बजावलं आहे, की मी पश्चात्ताप करत असलो तरी माझ्या हाती सामर्थ्य आहे. अशोक बदलला, हे मी मानते. धर्म, दवाखाने, सावलीची झाडं, सगळं खरं. पण एवढा मोठा बदल करणाऱ्यालाही नेमक्या त्या लोकांसमोर ते शब्द उच्चारणं जड गेलं असेल, तर आपल्या कार्यालयातल्या साहेबाला ते किती जड जात असेल!

नागपूरचा आणि अशोकाचा संबंध दीक्षाभूमीनं जोडला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ची अशोक विजयादशमी बाबासाहेबांनी निवडली आणि लाखो माणसांनी इथं धम्म स्वीकारला. या दिवसाकडं आपण एका अंगानं कमी पाहतो. धर्म सोडण्याची घोषणा येवल्यात झाली १९३५ मध्ये. त्याआधी महाडचं पाणी झालं, काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला. घोषणेपासून दीक्षेपर्यंत एकवीस वर्षं गेली. या एकवीस वर्षांत सवर्ण पुरुषांना आपला अन्याय दिसत नव्हता असं नाही. तो रोज सांगितला जात होता, छापला जात होता, कोर्टात आणि विधिमंडळात मांडला जात होता. काही मोजके बदलले. बाकीच्यांनी ‘हळूहळू होईल’ म्हटलं. बाबासाहेब त्या हळूहळूची वाट पाहत थांबले नाहीत. ज्यानं अन्याय केला त्याची सुधारणा करणं ही अन्याय सोसणाऱ्याची जबाबदारी नाही, हे या शहरानं इतक्या मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. आणि तरी याच शहरात नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या मुलीला आपण सांगतो, थोडं सांभाळून घे, सुधारेल तो.

हृदयपरिवर्तनावर विश्वास ठेवणारा प्रयोगही आपल्याच शेजारी, पवनारला, रुजला. विनोबांच्या भूदानात १९५१ पासून चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन कबूल झाली. विनोबांच्या तळमळीविषयी शंका घेण्याची माझी लायकी नाही, आणि त्यातून काही भूमिहीनांना शेत मिळालं हेही खरं. पण त्यातली पुष्कळ जमीन खडकाळ, वादातली, नाहीतर कधी वाटलीच न गेलेली निघाली. मला त्याचं मूळ ‘दान’ या शब्दात दिसतं. दान देणारा देऊनही उंचच राहतो. काय द्यायचं, केव्हा द्यायचं, कोणता तुकडा द्यायचा, हे तोच ठरवतो. आमच्या घरून गेलेली ती दिवाळीची साडी दानच होती. मावशींनी ती परत केली, कारण आम्ही त्यांचं जे देणं लागत होतो ते वेगळं होतं.

म्हणून मला वाटतं की क्रम उलटा हवा. आधी मन, मग माफी, मग जमलं तर खुर्ची, असा आपला क्रम आहे. आधी खुर्ची काढा. चौकशी चालू असताना तक्रारदार बाईनं लेखी मागितलं तर समिती बदलीची शिफारस करू शकते, असं कायदा म्हणतो. तिची किंवा त्याची. प्रत्यक्षात मात्र ‘तुमच्याच सोयीसाठी’ म्हणून बाईच हलते. समेट करायचा तर तो बाईनं मागितला तरच, आणि पैशाच्या बदल्यात नाही, असंही कायदा म्हणतो. प्रत्यक्षात समेटाचा निरोप घेऊन तिच्या घरी कोण कोण जातं ते विचारू नका. या कायद्यामागं राजस्थानातल्या भंवरीदेवी आहेत. बालविवाह रोखायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर वरच्या जातीच्या पुरुषांनी सामूहिक बलात्कार केला. १९९५ मध्ये न्यायालयानं बलात्काराच्या आरोपातून सगळ्यांना सोडलं. १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली. देशातल्या कोट्यवधी बायकांना त्या प्रकरणातून आधार मिळाला, भंवरीदेवींना मात्र न्याय मिळाला नाही. त्या पुरुषांमागं त्यांची अख्खी जात उभी होती, मग त्यांना बदलायची गरजच काय पडली?

बाबा बदलले का, असं मला कुणी विचारलं तर मी अडखळते. २००१ च्या डिसेंबरात ते एकटे, ड्रायव्हर न घेता, मावशींच्या वस्तीत गेले. मी मागून गेले होते, आईनं पाठवलं म्हणून. संध्याकाळची वेळ होती, बायका ओट्यांवर बसल्या होत्या. बाबांनी आत जाऊन बोलू का असं विचारलं. मावशी म्हणाल्या, ‘इथंच बोला साहेब. मले नेलं तवा सगळ्याइनं पाह्यलं होतं.’ बाबा उभे राहिले. म्हणाले, ‘पाटल्या आमच्या घरातच होत्या. तुम्ही घेतल्या नव्हत्या. मी तुमच्यावर खोटा आळ घेतला.’ ते वाक्य मी जसंच्या तसं लक्षात ठेवलं आहे, कारण त्यात ‘मी’ होता.

मावशींनी विचारलं, ‘हे ठाण्यात सांगतलं काय?’

नव्हतं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाबा लेखी अर्ज घेऊन गेले. ठाणेदार बदलून गेलेले होते. नव्या साहेबांनी रजिस्टर काढलं आणि म्हणाले, सर, अशी कुठली नोंदच नाही. एका बाईला सहा तास बसवलं होतं आणि त्याचा कागदावर ठिपकाही नव्हता. बाबा तो अर्ज हातात घेऊन बराच वेळ गाडीत बसून राहिले. मग कॉलनीतल्या चारही घरी गेले. एका घरी त्यांना उत्तर मिळालं, ‘अहो जाऊ द्या, एवढं काय मनावर घेता, त्या लोकांचं काय...’ बाबांनी त्यांना तिथंच थांबवलं. हीच भाषा दोन वर्षांपूर्वी त्यांची होती.

बाकी बाबा होते तसेच राहिले. शेवटपर्यंत स्वतःचं पाणी स्वतः घेतलं नाही, आईच्या बोलण्यात मध्येच बोलायची सवय गेली नाही. त्या एका ठिकाणी मात्र ते बदलले होते, आणि ते मी खोटं म्हणणार नाही. मावशी आमच्याकडं परत आल्या नाहीत. ‘माफ केलं’ असंही त्या कधी म्हणाल्या नाहीत, आणि बाबांनी ते मागून घेण्याचा आग्रह धरला नाही.

जानेवारीत बाबांनी पाच घरांच्या बारा महिन्यांच्या पगाराचा हिशेब केला आणि पाकीट घेऊन पुन्हा गेले. साडी नाही, मिठाई नाही. मावशींनी ओट्यावर बसून, बोटाला थुंकी लावत नोटा मोजल्या. सगळ्या मोजून झाल्यावर म्हणाल्या, ‘दोन महिन्याचे कमी हायेत साहेब. चवदा महिने बसून होती मी.’ बाबांनी खिशातलं छोटं डायरीचं पान काढून तिथंच लिहून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी दोन महिन्यांचे नेऊन दिले.